टिकायचे की झोकून द्यायचे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

लढ्यात माणसाने किती सोसावे, आणि ते ठरवायचे कोणी, याभोवती फिरणारी बरीच पत्रे या वेळी आली. त्यांतली पाच निवडली आहेत. नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचा संप दोन महिने चालला. शेवटच्या पंधरवड्यात काही जण गुपचूप कामावर रुजू झाले. आता बाकीचे त्यांना गद्दार म्हणतात, त्यांच्या घरच्या कार्याला जात नाहीत. त्यातल्या एकाची पत्नी अंथरुणाला खिळलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला हे पटत नाही, पण उघड बोललो तर माझ्यावरही शिक्का बसेल.

ठपका ठेवण्याआधी संघटनेने स्वतःला एक गोष्ट विचारावी. संप पुकारला त्या दिवशी त्या घरात किती दिवसांची बेगमी होती, हे कोणाला माहीत होते का? बहुतेक संघटनांना ते माहीत नसते. ज्याच्या घरचे विसाव्या दिवशी संपले आणि जो एकविसाव्या दिवशी कामावर गेला, तो फुटला असे म्हणण्यापेक्षा त्याला एकटे पाडले गेले असे म्हणणे जास्त खरे आहे.

हा पेच जुना आहे. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी पस्तीस टक्के वाढ मागितली. २२ फेब्रुवारीला मालकांनी टाळे लावले. रोज सभा होत, प्रतिज्ञा म्हटली जाई. तिसऱ्या आठवड्यात चाळींतून बोलणे ऐकू येऊ लागले, की पुढारी मोटारीतून येतात-जातात, चांगलेचुंगले खातात, मरण मात्र आमचे होते. १५ मार्चला गांधींनी उपवास सुरू केला तो या बोलण्यानंतर. तीन दिवसांत तडजोड झाली. मालकांवर अशाने दडपण येते, म्हणून या उपवासात दोष होता, हे गांधींनी पुढे स्वतःच लिहिले. आम्हाला मात्र त्याआधीची एक व्यवस्था जास्त मोलाची वाटते. आश्रमात विणकामशाळेचा पाया भरायचा होता, तिथे वाळू वाहून टाकायचे काम संपकऱ्यांना दिले गेले. पोटाला आधार मिळाला आणि हात पसरावा लागला नाही.

त्याच मार्चमध्ये खेड्यात, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, सारा न भरण्याची प्रतिज्ञा झाली. तीत ऐपतदार शेतकऱ्यांनी म्हटले होते, की आम्ही सारा भरू शकतो, तरी भरणार नाही. आम्ही भरला तर गरीब घाबरून भांडीकुंडी विकतील किंवा कर्ज काढून भरतील. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याने धोका आधी पत्करायचा, अशी ही मांडणी आहे. आपल्याकडच्या बहुतेक आंदोलनांत नेमके उलटे होते. सर्वांत कच्च्या घराकडून सर्वांत पक्क्या निष्ठेची अपेक्षा केली जाते.

पुढच्या वेळी काय करायचे ते नीट सांगतो. संपाची नोटीस देण्याआधी घरटी एक चिठ्ठी भरा : खाणारी तोंडे किती, कमावते किती, हप्ता किंवा भाडे किती, रोजचे औषध कोणाला लागते, घरात गरोदर किंवा बाळंतीण आहे का, गावाकडून धान्य येते का. त्यावरून घरांचे तीन गट करा, पंधरा दिवस निभावणारी, दीड महिना निभावणारी आणि तीन महिन्यांवर निभावणारी. समजा ४०० घरे आहेत आणि त्यातली ८० पहिल्या गटात आहेत. तर तुमचा संप पंधरा दिवसांचाच आहे, भाषणे कितीही मोठी होवोत. तो लांबवायचा असेल तर उरलेल्या ३२० घरांनी या ८० घरांचा भार घ्यायला हवा. घरटी पाच माणसे धरली तर ४०० तोंडे होतात. माणशी महिना १२ किलो धान्य म्हणजे ४,८०० किलो. ३२० घरांवर वाटले तर घरटी १५ किलो. औषध आणि भाडे वेगळे. हा आकडा सभेत फळ्यावर लिहा आणि मग हात वर करायला सांगा. आकडा पाहून हात खाली गेले, तर ते आजच कळलेले बरे.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे मदत सगळ्यांना सारखी वाटतात. दिसायला न्याय दिसतो, पण भरल्या घरात उरते आणि रिकाम्या घराला पुरत नाही. दुसरी म्हणजे मदतीसाठी कार्यालयासमोर रांग लावतात. ज्याला सर्वांत जास्त गरज असते तो लाजेने रांगेत येतच नाही. धान्य घरपोच, अंधार पडल्यावर द्या. हिशेब दोघांनी लिहावा, तिसऱ्याने दर आठवड्याला तपासावा. एकूण जमा-खर्च सर्वांसमोर वाचावा, घेणाऱ्यांची नावे वाचू नयेत.

मुंबईच्या गिरणी संपाचाही विचार करा. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्षाहून अधिक काळ ते टिकले, ते मुख्यतः गावाकडच्या शेतीवर आणि घरच्या बायकांच्या कष्टांवर. बदली कामगारांची, म्हणजे गरजेपुरते बोलावल्या जाणाऱ्या कामगारांची, दशा कायम कामगारांपेक्षा पहिल्या दिवसापासून बिकट होती. आणि परतीचे दार कुठेच नव्हते. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा अधिकार मान्यताप्राप्त संघटनेलाच होता, ती संपात नव्हती. मालकांकडे माल पडून होता आणि कापड यंत्रमागांवर निघतच राहिले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्यात हळूहळू कामावर परतलेल्यांना दोष देणे आम्हाला आजही जमत नाही.

तुमच्याकडे रुजू झालेल्यांत तीन प्रकारची माणसे असतील : उपासमारीमुळे गेलेली, भीतीने गेलेली, आणि पैसे घेऊन आतली नावे पुरवणारी. विश्वासघात फक्त तिसऱ्यांचा आहे. पहिल्या दोघांच्या दारात संघटनेनेच आधी जावे. आणि नियमावलीत एक कलम घालावे, की घर चालेनासे झाले तर सदस्याने प्रतिनिधीला सांगावे आणि आठ दिवस द्यावेत. त्या आठ दिवसांत संघटनेला सोय करता आली नाही, तर त्याने कामावर जावे. त्याला कोणी बोल लावायचा नाही.

प्रश्न : ‘तुमचा म्होरक्या आमच्या ताब्यात द्या, नाहीतर सगळ्या वस्तीला भोगावे लागेल,’ अशी धमकी आली तर काय करावे? एकासाठी अनेकांना मरू द्यायचे का?

हे तंतोतंत घडले आहे. जुलै १९४३, नाझी जर्मनीच्या ताब्यातल्या विल्ना (आजचे लिथुआनियातले विल्नियस) शहरातला ज्यू घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती. तिथल्या भूमिगत सशस्त्र संघटनेचा प्रमुख इट्झिक विटेनबर्ग. जर्मनांना त्याचे नाव कळले. घेट्टोचा प्रमुख याकोब गेन्स याच्या मध्यस्थीने त्याला पकडले गेले, पण सोबत्यांनी वाटेतच सोडवून लपवले. मग निरोप आला, सकाळपर्यंत तो हजर झाला नाही तर घेट्टो नष्ट करू. आत सुमारे वीस हजार माणसे होती. ती भूमिगतांविरुद्धच रस्त्यावर उतरली. आता लढायचे तर पहिली गोळी आपल्याच शेजाऱ्यांवर झाडावी लागणार होती. १६ जुलैला विटेनबर्गने सूत्रे अब्बा कोव्हनरकडे दिली आणि तो स्वतः बाहेर पडला. कोठडीतच त्याचा अंत झाला. सप्टेंबर संपायच्या आत घेट्टो रिकामा केला गेला. काही शे तरुण तेवढे जंगलात निसटले.

यातून ‘द्यायलाच नको होते’ असा धडा काढणे सोपे आहे. आम्ही तो काढत नाही. वीस हजारांतल्या कोणालाही सप्टेंबर माहीत नव्हता. पण दोन गोष्टी नक्की म्हणता येतात. धमकी देणाऱ्याने माणूस मिळाल्यावर शब्द पाळावा यासाठी त्याच्यावर कसलेच बंधन नव्हते. म्हणजे ‘एक विरुद्ध वीस हजार’ हा हिशेब त्याने मांडलेला होता, खरा नव्हता. बदल्यात काय मिळेल आणि ते मिळाले नाही तर आपण काय करू शकतो, या दोन्हींचे उत्तर नसेल तर तो सौदाच नव्हे. आणि दुसरे, स्वतःहून बाहेर पडणे आणि इतरांनी ढकलणे यांत फरक आहे. बाहेर जाण्याचा निर्णय विटेनबर्गच्या तोंडून आला. सोबत्यांनी त्याला बांधून नेले असते, तर त्या रात्रीनंतर कोव्हनरच्या हाताखाली कोणी उभे राहिले नसते.

नित्याच्या, कमी भयंकर लढ्यांतही हेच रूप दिसते : ‘त्या एकीला काढून टाका, बाकीच्यांना परत घेतो.’ यावरचा नियम धमकी येण्याआधीच ठरवून, लिहून, सगळ्यांना वाचून दाखवून ठेवायला हवा. धमकीच्या रात्री नियम ठरत नाहीत, फक्त आवाज चढतो. नियमात तीन गोष्टी असाव्यात. कोणाचेही नाव संघटना देणार नाही. प्रत्येक जबाबदारीला दोन पर्यायी माणसे ठरलेली असतील, म्हणजे एकाला उचलून काम थांबत नाही. ज्याच्यावर धोका आला आहे त्याचे म्हणणे प्रथम आणि एकांतात ऐकले जाईल, त्याला सभेत उभे करून विचारले जाणार नाही. शंभर डोळ्यांसमोर ‘मी जातो’ म्हणणाऱ्याची संमती खरी मानू नका.

प्रश्न : ज्यांना काही विचारलेच नाही अशा माणसांचा जीव जाणार असेल, तर ती कृती कधी समर्थनीय ठरते का?

फार क्वचित. जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेतल्या टिन सरोवरावरची २० फेब्रुवारी १९४४ ची घटना पाहा. जर्मन अणुसंशोधनासाठी जड पाणी घेऊन जाणारी प्रवासी बोट नॉर्वेच्याच भूमिगतांनी बुडवली. कृती करण्याआधी त्यांनी परिणाम स्पष्ट लिहून लंडनमधल्या वरिष्ठांकडून पुन्हा होकार मागवला. प्रवासी कमी असतात म्हणून रविवारची फेरी गाठली. तरी अठरा माणसे बुडाली, त्यातले चौदा नॉर्वेजियन. जर्मनी बॉम्बच्या जवळपासही नव्हता, हे नंतर कळले. ज्यांनी हे केले ते सगळ्या पर्यायांमधून गेले होते, आणि तरीही हिशेब जुळत नाही. म्हणून आमचे मत कडक आहे. स्वतःचा जीव द्यायचा हक्क माणसाला असू शकतो, दुसऱ्याचा देण्याचा नाही. आणि ज्याच्यापुढे असा बाका प्रसंग युद्धातही आला त्याला पुढे आयुष्यभर ते ओझे वाहावे लागते. तुमच्या आंदोलनात युद्ध नाही. तेव्हा रुग्णवाहिकेची वाट, दवाखान्याचे पाणी आणि वीज, शाळा सुटण्याची वेळ या गोष्टी आधी कागदावर मांडा आणि तेवढ्या मोकळ्या ठेवा. मोकळी वाट कोण राखणार त्याचे नाव लिहा. नाव नसले की वाट बंद होते.

प्रश्न : आमच्या विद्यार्थी संघटनेतला एक मित्र आमरण उपोषणाला बसतो म्हणतो. सभेत टाळ्या पडल्या. मला धडकी भरली आहे. त्याला अडवणे म्हणजे लढ्याशी द्रोह का?

अडवा. निदान टाळ्या तरी थांबवा. टाळ्यांनंतर माघार घेणे माणसाला जड जाते आणि धोका तिथून सुरू होतो.

लाहोरच्या तुरुंगात जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ ला गेले. उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात राजकीय कैद्यांचा दर्जा मागणारे दहा जण १९८१ मध्ये असेच गेले, सर्वांत लवकर ४६ व्या दिवशी, सर्वांत उशिरा ७३ व्या. त्यांनी केलेली रचना समजून घेण्यासारखी आहे. १९८० च्या उपोषणात सात जण एकदम बसले होते. एकाचा जीव जाऊ लागला तेव्हा ५३ व्या दिवशी सगळ्यांचेच सुटले. म्हणून पुढच्या वर्षी एकेक जण अंतराने बसला, म्हणजे प्रत्येकाचा निर्णय त्याचा त्याचा राहील. झाले वेगळेच. पहिला मित्र गेला की दुसऱ्याला उठता येईना, कारण उठणे म्हणजे गेलेल्याशी बेइमानी वाटू लागली. शेवटी शुद्ध हरपल्यावर घरच्यांनी उपचाराला संमती द्यायला सुरुवात केली, आणि ३ ऑक्टोबरला उपोषण संपले. त्या आयांना त्या वेळी फार बोल लागले. आमच्या मते त्यांनी योग्य केले. मागण्यांपैकी काही, त्यांत स्वतःचे कपडे घालण्याची, त्यानंतर काही दिवसांतच मान्य झाल्या.

म्हणून हा ठराव संघटनेने करू नये. तरीही मित्र ठाम असेल, तर किमान एवढे हवेच. संघटनेशी संबंध नसलेल्या डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याने बोलावे. खोलीत एकही कार्यकर्ता नको. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, आधीच कमी वजन, गरोदरपण किंवा अठराच्या आतले वय असेल तर विषय तिथेच संपवा. शुद्ध गेल्यावर काय करावे हे त्याने स्वतः लिहून डॉक्टरांकडे द्यावे, आणि ते कधीही बदलता यावे. जागतिक वैद्यक संघटनेच्या १९९१ च्या माल्टा घोषणेप्रमाणे शुद्धीतल्या माणसाला बळजबरीने भरवणे अनैतिक आहे. त्याच घोषणेत हेही आहे, की सोबत्यांच्या दबावाखाली उपाशी राहणाऱ्याला डॉक्टरांनी संरक्षण द्यावे. वजन रोज घ्या. दहा टक्के घटले की रोज वैद्यकीय तपासणी हवी. अठरा टक्क्यांच्या पुढे जीव केव्हाही जाऊ शकतो.

उपोषण सोडतानाची चूक सर्वाधिक घातक. फुलांचा हार, फळांचा रस, आणि घरी जाऊन पोटभर जेवण, असे आपल्याकडे होते. अनेक दिवस उपाशी शरीरात एकदम साखर गेली की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरते आणि हृदय बंद पडू शकते. ब-१ जीवनसत्त्व न देता साखर किंवा ग्लुकोज दिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दहा दिवसांच्या वर उपोषण झाले असेल तर ते रुग्णालयातच सोडवा. आधी ब-१, मग अन्न, तेही वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण १० कॅलरीपासून आणि रक्त तपासत वाढवत. छायाचित्रासाठी एक घोट रस घ्यायचाच असेल, तर तोही ब-१ दिल्यानंतर आणि डॉक्टरांच्या परवानगीने.

प्रश्न : आमच्या पुढाऱ्यांनी ऐन वेळी मोर्चा थांबवला. तरुण पेटले होते, तुरुंगात जायला तयार होते. आता सगळे म्हणतात, कच खाल्ली. माघार ही हारच नाही का?

महाडचा डिसेंबर १९२७ आठवा. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्यांवर हल्ले झाले होते, पुढे गावोगाव बहिष्कार पडले होते. डिसेंबरच्या परिषदेला लोक पुन्हा पाणी घ्यायच्या निर्धारानेच आले. हजारो जणांनी सत्याग्रहासाठी नावे नोंदवली. पण विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर जायचे की नाही, यावर चर्चा झाली, जिल्हाधिकारीही परिषदेत बोलले. हुकूम मोडला तर सनातन्यांबरोबर सरकारही अंगावर येणार आणि ज्यांची जमीन, मजुरी आधीच गेली ती कुटुंबे तुरुंगवासाने आणखी भरडली जाणार, असा बाबासाहेबांपुढचा पेच होता. त्यांनी सत्याग्रह तहकूब करण्याची बाजू मांडली. लोक नाराज झाले, तरी ठराव झाला. मग शिस्तीने तळ्याभोवती मिरवणूक निघाली. पाण्याला कोणी हात लावला नाही. दावा लढवला गेला, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

दहा वर्षे लागली, हे खरे आहे. पण त्या माघारीत काय होते ते पाहा. निर्णय लोकांसमोर, त्याच मांडवात झाला. विरोधातले बोलणे ऐकले गेले. पुढची पायरी ठरलेली होती. आणि रिकाम्या हाताने कोणी घरी गेले नाही, मिरवणूक निघाली. तुमच्या पुढाऱ्यांनी बंद खोलीत ठरवून भोंग्यावर जाहीर केले असेल, तर तरुणांचा राग रास्त आहे. मग चूक माघारीच्या रीतीत आहे.

माघारीच्या अटींत सर्वांत वर एकच गोष्ट असावी : ज्यांनी सर्वांत जास्त गमावले त्यांचे काय? बारडोलीत १९२८ साली सारावाढीचा प्रश्न चौकशी समितीकडे सोपवताना कैद्यांची सुटका, जप्त जमिनी परत आणि राजीनामे दिलेले पाटील-तलाठी पुन्हा कामावर, हे आधी पदरात पाडून घेतले. पुढे बावीस टक्के वाढीची जवळजवळ सहा टक्के झाली. याउलट ब्रिटनचे खाण कामगार वर्षभर लढले आणि ३ मार्च १९८५ ला त्यांच्या प्रतिनिधींनी ९८ विरुद्ध ९१ मतांनी करार न करताच परतायचे ठरवले. बँड वाजवत, झेंडे घेऊन कामगार खाणींवर गेले, पण संपात बडतर्फ झालेले शेकडो जण बाहेरच राहिले. थकलेल्या घरांना परत पाठवणे चूक नव्हते. बाहेर राहिलेल्यांसाठी काही हातात न घेता परतणे ही मोठी किंमत होती.

तेव्हा तुमच्या संघटनेत या आठवड्यात एक यादी करा. निलंबित कोण, कोणावर खटले आहेत, पुढची तारीख कधी, वकील कोण, जामीन कोणी राहिले, त्या घरी धान्य आहे का. प्रत्येक नावापुढे भेटायला जाणाऱ्याचे नाव लिहा. नॉर्वेच्या शिक्षकांनी १९४२ मध्ये तिथल्या नाझीधार्जिण्या सरकारच्या शिक्षक संघटनेत जायला नकार दिला तेव्हा हजारावर जण पकडले गेले, त्यातल्या सुमारे पाचशेंना पार उत्तरेला किर्केनेसला मजुरीला नेले. मागे राहिलेल्यांनी त्यांच्या घरी पैसे पोहोचवत ठेवले. शरण गेले ते सरकार, आणि नोव्हेंबरपर्यंत शिक्षक परत आले. ज्या तरुणांना तुरुंगात जायचे होते त्यांना आधी ही यादी सांभाळायला द्या. दर पंधरा दिवसांनी ती सभेत तपासा, आणि ज्याच्या नावापुढे भेट झालेली नाही तिथे त्याच संध्याकाळी कोणालातरी पाठवा.